ओंजळभर सुकटीला विकलेला मुलगा

ही गोष्ट मी आजवर टाळत आलो. अजिबात सांगितली नाही असं नाही; अर्धी सांगितली, आणि ते जास्त वाईट. आमच्या घरात गेली कितीतरी वर्षं असं बोललं जातं की मुलाच्या पाचव्या वाढदिवसाला कोळीणमावशी आलीच नाही. माझी आई मरेपर्यंत तसं म्हणत होती. माझ्या मुलाने पुढे आपल्या मुलांनाही तसंच सांगितलं. असं कोणी बोलत असलं की मी तिथेच पेपर उघडून बसलेला असायचो. आता नव्वदी ओलांडली. पेपरातली अक्षरं दिसत नाहीत, त्यामुळे तोंड लपवायला तेवढीही सोय उरली नाही. म्हणून जाड पेनाने, मोठ्या अक्षरांत हे लिहून ठेवतो आहे.

ती आली होती. जिना चढून दुसऱ्या मजल्यापर्यंत आली होती. आम्ही तिसऱ्यावर राहत होतो.

लालबागच्या एका चाळीत आमची एक खोली होती. आई, मी, माझी बायको. वडील गिरणीच्या साचाखात्यात, मागावर होते, ते लवकर गेले. मी मॅट्रिक झालो म्हणून मला गिरणीच्या ऑफिसात कारकुनी मिळाली, तीही हंगामी. आमची पहिली मुलगी दहाव्या दिवशी गेली. दुसरा मुलगा तीन महिन्यांचा होऊन गेला. तिसऱ्या वेळी बायकोला दिवस गेले तेव्हा आईने मला काही विचारलं नाही. मूल झालं, मुलगा झाला, आणि बाराव्या दिवशी तिने त्याला सुपात घालून खोलीच्या उंबऱ्यावर ठेवलं.

मासे विकायला येणारी कोळीण तेव्हा आमच्या गॅलरीत पाटी उतरवत होती. चाळीत सगळे तिला मावशी म्हणत. उंच, रंगाने काळी, कपाळावर रुपयाएवढं कुंकू आणि आवाज असा की तळमजल्यावर बोलली तर चौथ्यावरची मांजरं जागी होत.

"गो बाय," आई तिला म्हणाली, "ह्या पोर इकत घे."

ही आमच्याकडची जुनी रीत. ज्या घरात मुलं जगत नाहीत, तिथलं नवं मूल दुसऱ्या जातीच्या बाईला विकायचं. ती मूठभर कोंडा देते. मग मूल कागदोपत्री तिचं, म्हणजे देवाच्या आणि मृत्यूच्या कागदावर तिचं, आणि आईबाप नुसते सांभाळणारे. मृत्यू त्या घरात मूल शोधायला आला तर त्याला सापडत नाही. पाच वर्षं झाली की ज्या दिवशी मूल जन्मलं त्याच दिवशी ते परत घ्यायचं: तिला घरात बोलवायचं, पाटावर बसवायचं, लुगडं-खण-नारळ देऊन ओटी भरायची, सगळ्यांच्या आधी तिला जेवायला वाढायचं, आणि मग तिच्या मांडीवरून मूल उचलून आपल्या मांडीवर घ्यायचं. तोवर ते तिचं.

मावशीने सुपात डोकावून पाहिलं. "कोंडा कुटनं आणू म्हातारे? मी काय गिरण चालवते?"

"काय तरी दी. फुकट देवक जमाचा नाय."

मावशीने पाटीच्या कोपऱ्यातल्या फडक्यातून ओंजळभर सुकट काढली आणि सुपात, बाळाच्या पायाशी ओतली. बाळ शिंकलं.

"चलात," आई म्हणाली. "कोंड्यापेक्षा बरी. आमटीत घालूक तरी येतली."

त्या संध्याकाळी आम्ही खरोखरच मुलाची किंमत आमटीत घालून खाल्ली. बायको जेवताना हसली. दोन वर्षांत ती पहिल्यांदा हसली होती.

मुलगा जगला. नुसता जगला नाही, माजला. चाळीत त्याला सगळे 'सुकट्या' म्हणू लागले. मावशी दिवसाआड यायची. पाटी टेकायच्या आधी तिचा आवाज यायचा, "माजा पोऱ्या कुटं हाय?" तो दुडदुडत जाऊन तिच्या मांडीवर बसायचा आणि बसल्या बसल्या एखादा खेकडा हाताळायचा. आमचा वाटा मोजून झाला की ती वर एक मासा टाकायची, "हा माज्या पोऱ्याचा." त्याचे पैसे तिने कधी घेतले नाहीत. बायको द्यायला गेली तर म्हणायची, "गो, पोर माजा, त्याला खायाला घालायचं काम माजं. तू नुसती दाई हायेस."

एकदा महाराष्ट्राच्या चळवळीतली गडबड चालू असताना, आमच्या भागात रस्त्यावर पोलीस आणि चाळींच्या दारांना आतून कड्या, अशा दिवसांत तिच्या दोन खेपा चुकल्या. तिसऱ्या खेपेला कुठल्या कुठल्या गल्ल्यांतून वाट काढत आली. पाटी रस्त्यात धावपळीत उपडी झालेली. पदराच्या गाठीत चार बोंबील तेवढे उरले होते. "पोऱ्याला भुकं नाय ना ठेवला?" हा तिचा पहिला प्रश्न. मला त्या दिवशी तिच्या पाया पडावंसं वाटलं होतं. पडलो नाही. तेव्हा मी पंचवीस-सव्वीस वर्षांचा होतो.

मुलगा पाच वर्षांचा व्हायला आला, तेव्हा आमचा महाराष्ट्र मिळायचा होता, पण मिळणार हे चाळीतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. पोरं गॅलरीत चोर-पोलीस खेळत नसत, मोर्चा-मोर्चा खेळत. मीही गिरणी सुटली की सभांना जायचो, घसा बसेपर्यंत घोषणा द्यायचो. आणि त्याच वर्षी माझी नोकरी कायम व्हायची की नाही ते ठरणार होतं. ठरवणारे आमचे हेडक्लार्क, दादरला राहणारे, शुद्ध बोलणारे, शाकाहारी गृहस्थ. त्यांच्या मुलीच्या वाढदिवसाला त्यांनी ऑफिसातल्या सगळ्यांना बोलावलं होतं. तिथे मी आयुष्यात पहिल्यांदा वाढदिवसाचा केक पाहिला. आमच्या मुलानेही पाहिला, आणि घरी येऊन जाहीर केलं की त्यालाही तो हवा.

मी साहेबांना म्हणून गेलो, "आमच्याकडेही या, पुढच्या महिन्यात." ते म्हणाले, "जरूर येऊ." तिथे माझी मान अडकली.

बायकोने हिशेब हातात घेतला. एका महिन्याच्या पगारात दोन गोष्टी बसवायच्या होत्या: मुलाचा वाढदिवस आणि मावशीची ओटी. तिने ते कसं बसवलं ते सांगायला मला आजही आवडतं. गणपतीतल्या पताका मंडळाच्या पेटाऱ्यातून मागून आणल्या आणि इस्त्रीवाल्याकडून सरळ करून घेतल्या. सदऱ्याचं कापड गिरणीच्या दुकानातल्या तुकड्यातून निघालं. एका बाहीवर छाप उलटा आला तो तिने खिसा लावून झाकला. सरबत कोकमाचं, कारण आगळ गावाहून आईच्या भावाने पाठवलेला होता. चिवड्याचे पोहे तिने आणि शेजारणीने भागीत घेतले. बाकं खालच्या व्यायामशाळेतून. पेले चाळीतल्या अकरा घरांतून, प्रत्येकाच्या बुडावर मालकाचं नाव कोरलेलं, म्हणून परत देताना भांडण नको.

केकचा प्रश्न उरला. मोठा केक परवडणार नव्हता. बायको स्वतः कोपऱ्यावरच्या इराण्याकडे गेली, कागदाच्या वाटीत मिळतात ते छोटे केक चार डझन सांगून आली, आणि म्हणाली, "परातीत रचते. डोंगरासारखे. मध्ये मेणबत्ती लावू. कापायला नको, मोजायला नको, प्रत्येकाला एकेक." इराण्याने तिच्या हुशारीवर खूश होऊन दोन जास्त दिले.

"साहेबांना हसू येईल," मी म्हणालो.

"हसू दे. वाढदिवसाला हसायचंच असतं," ती म्हणाली.

आणि हे सगळं करून तिने डब्यात लुगड्याचे पैसे बाजूला काढले होते. मावशीला शोभेल असं फुलाफुलांचं, चांगल्या काठांचं लुगडं तिने दुकानात बघूनही ठेवलं होतं. आई रोज विचारायची, "लुगडा हाडलंस?" आणि बायको म्हणायची, "शनिवारी आणते, आई."

शनिवारी दुपारी मी घरी आलो तो सहा कपबशा घेऊन. कडेला सोनेरी रेघ असलेल्या. साहेबांना नि त्यांच्या बाईंना कोरीव नावाच्या पितळी पेल्यात चहा द्यायचा हे मला मरणाहून वाईट वाटत होतं. पैसे मी डब्यातून घेतले होते.

बायको कपबशांकडे बघत राहिली. "अहो, आणि ओटी?"

"पुढच्या महिन्यात भरू. महिन्याने काय बिघडतं?"

"आईंना काय सांगू?"

"मी सांगतो. मावशीलाच त्या दिवशी जमत नाही असं सांगतो."

आईला ते पटण्यासारखं नव्हतं, म्हणून तिला मी सांगितलंच नाही; बोलावणं गेलंय, लुगडंही आणलंय, एवढंच म्हणालो. "ज्या दिवसाचा ता त्या दिवसाकच," ती म्हणायची. "पोर अजून तेचा आसा. अर्ध्यावर ठेवलंला बरा नाय, बाबू. तुका काय कळता?" पण मला त्या क्षणी पैशांपेक्षाही दुसरीच भीती होती, ती मी बायकोलाही सांगितली नाही. कपबशा आणल्या नसत्या तरी मी काहीतरी निमित्त शोधलं असतं. साहेबांच्या समोर एक कोळीण पाटावर बसणार, मोठ्या आवाजात 'माजा पोऱ्या' म्हणणार, साहेब विचारणार, आणि चाळ एका सुरात सांगणार की ह्यांनी आपला मुलगा सुकटीला विकला. कायम होणारा कारकून, मॅट्रिक, आणि घरात हे. मला ते नको होतं.

वाढदिवस मंगळवारी होता. रविवारी मावशी आली तेव्हा बायको नळावर होती आणि आई देवळात. मी गॅलरीत जाऊन तिला म्हणालो, "मावशी, मंगळवारी इकडे येऊ नका. हरताळ आहे. मोठी गडबड होणार आहे."

तिचा चेहरा उतरला. "आणि पोऱ्याचा दिवस?"

"पुढे बघू. निरोप देईन."

"खरं हाय ना, दादा? मना कोनी नाय बोललं."

"आत्ताच ठरलंय," मी म्हणालो. सभांना जाणाऱ्या माणसाचा शब्द होता तो. तिने लगेच मान डोलावली. त्या दिवसांत हरताळ म्हटलं की माणूस पुढे प्रश्न विचारत नसे. इतक्या लोकांनी ज्या शब्दासाठी मार खाल्ला होता, तो मी सहा कपबशा वाचवायला वापरला.

मंगळवारी संध्याकाळी साहेब आले, त्यांच्या बाई आणि मुलगी आल्या. खोलीत बाकं, बाकांवर चाळीतली पोरं एकमेकांच्या मांड्यांवर, दारात बायका, गॅलरीत पुरुष. बायकोने परातीतला केकांचा डोंगर मधोमध ठेवला. साहेबांच्या बाई हात जोडून म्हणाल्या, "अगंबाई, किती छान कल्पना!" माझ्या छातीवरून अर्धं ओझं उतरलं.

मेणबत्ती लावल्यावर काय म्हणायचं ते कोणालाच माहीत नव्हतं. इंग्रजी गाणं फक्त साहेबांच्या मुलीला येत होतं, ती एकटी लाजून गप्प झाली. तेव्हा चाळीतली पोरं, त्यांना एका सुरात जे एकच येत होतं ते म्हणू लागली. एकाने ओरडून विचारलं, "केक?" आणि तीस पोरं बाकावर पाय आपटत म्हणाली, "मिळालाच पाहिजे!"

"सरबत?"

"मिळालंच पाहिजे!"

साहेब पोट धरून हसले. मी सरबताचा रिकामा हंडा भरायला म्हणून बाहेर आलो, जिन्याकडे वळलो आणि खाली पाहिलं तर दुसऱ्या मजल्यावरून मावशी वर येत होती.

डोक्यावर पाटी नव्हती. अंगावर नवं लुगडं, केसांत अबोली, हातभर बांगड्या. एका हातात नारळ, दुसऱ्या हातात स्वच्छ फडक्यात बांधलेलं काहीतरी. मी धावत खाली गेलो आणि वळणावर तिच्या समोर उभा राहिलो. आता मला कळतं की मी वाट अडवून उभा होतो.

"हरताळ मोडला वाटतं," ती धापा टाकत, आनंदाने म्हणाली. "मी म्हटलं ट्राम बंद असंल, म्हणून दुपारपासनं चालत निगाले. वाटेत बगते तर ट्राम चालू! दंगा होनार म्हनालास, मग पोऱ्याच्या दिवशी घरात कसं बसवेल रे? आणि तुज्याकडे साहेबलोक येनार हे तुज्या बायकोनं मागं सांगितलं व्हतं. म्हणून मच्छीला आज हात नाय लावला. दोनदा अंगोळ केली. बग, वास येतो काय?"

तिने हात पुढे केला. वास अबोलीलाही नसतो, तसा त्या हातालाही नव्हता.

मी म्हणालो, "मावशी, वाढदिवस नाही केला. हरताळामुळे रद्द केला. पोरगा मामाकडे गेलाय. घरी कोणी नाही."

आणि त्याच वेळी वरून आलं, "चिवडा?" आणि तीस पोरं: "मिळालाच पाहिजे!"

त्यात आमच्या मुलाचा आवाज सगळ्यांत वर होता. तो आवाज तिने पाच वर्षं दिवसाआड ऐकला होता.

मावशी वर बघत राहिली. वळणावरून गॅलरीतल्या पताका दिसत होत्या. मग तिने माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं आता तिचा तो आवाज सुटणार, चारही मजल्यांना ऐकू जाईल असा. पण ती अगदी हळू, मी पूर्वी कधी ऐकलं नव्हतं इतकं हळू बोलली.

"वरच्या माळ्यावर मोर्चा आला वाटतं," ती म्हणाली.

मी रिकामा हंडा ह्या हातातून त्या हातात घेतला.

"पोलिसांपासून संबाळा," ती म्हणाली, आणि थोडं हसलीसुद्धा. फडकं माझ्या हातात दिलं. "नारळाच्या करंज्या हायेत. पोऱ्या मामाकडनं आला की दे." नारळ मात्र दिला नाही, तो मूल परत करताना द्यायला आणला होता. दोन पायऱ्या उतरली आणि थांबली. पाठ माझ्याकडेच होती.

"मग तो अजून माजाच हाय ना, दादा?"

"हो," मी म्हणालो.

"असू दे. माजाच असू दे."

ती गेली. जिन्यात तिच्या बांगड्या तळमजल्यापर्यंत ऐकू येत होत्या.

मी हंडा भरून वर आलो. करंज्या ताटात ओतल्या, कारण चिवडा संपत आला होता आणि साहेबांच्या बशीत काही नव्हतं. साहेबांच्या बाईंनी एक खाल्ली, दुसरी घेतली. "करंज्या कोणी केल्या हो? काय खुसखुशीत आहेत!" बायकोने माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "इराण्याकडून आणल्या."

"इराणी करंज्या कधीपासून करायला लागला?" शेजारीण म्हणाली आणि सगळ्या बायका हसल्या. माझी बायको हसली नाही.

तेवढ्यात बाकावरून कोणीतरी ओरडलं, "ए सुकट्या, मला पण करंजी दे!" साहेबांनी विचारलं, सुकट्या का म्हणतात? ज्याची मला इतके दिवस भीती होती ते घडलंच. शेजारणीने तिखटमीठ लावून सगळं सांगितलं: सूप, कोळीण, ओंजळभर सुकट, आमटी. मी कपबशा उचलायचं निमित्त करून खाली मान घातली.

साहेब मोठ्याने हसले. "अहो, मग मी तर तुमच्या मुलाहून स्वस्त गेलो! माझ्या आईने मला टोपल्या विणणाऱ्या एका बुरडिणीला विकलं होतं, मूठभर कोंड्याला. माझ्या आधीची तीन गेली होती. ती बुरडीण जिवंत असेपर्यंत आमच्या घरी पहिलं पान तिचं असे." मग त्यांनी इकडे तिकडे पाहिलं. "आज पाच झाली ना मुलाला? मग ती बाई कुठे आहे? आम्हाला कसले मान देता, आजचा मान तिचा."

माझी आई कोपऱ्यात बसली होती. ती मालवणी सोडून बोलायचा प्रयत्न करत म्हणाली, "बोलावलेली होती, साहेब. पण ती इली नाय. वचनाक जागली नाय."

ती तेव्हा फार तर ट्रामच्या थांब्यापर्यंत पोचली असेल. मी तीन मजले उतरून धावलो असतो तर सापडली असती. कोणी हसलं नसतं, कोणी नाक मुरडलं नसतं. साहेबांनी तिला स्वतः पाटावर बसवलं असतं. मला फक्त एवढंच म्हणायचं होतं की ती आली होती, मी परत पाठवली. माझ्या हातात सोनेरी रेघेच्या दोन बशा होत्या. त्या घेऊन मी मोरीकडे गेलो.

माझी नोकरी कायम झाली.

मावशी पुन्हा आमच्या चाळीत आली नाही. तिच्या जागी दुसरी, तरुण कोळीण येऊ लागली. मुलाने आठ-दहा दिवस गॅलरीत बसून वाट पाहिली, मग तो खेळायला लागला. आई मात्र धसका घेऊन बसली. मुलाला साधा ताप आला तरी म्हणायची, "तेका अजून आमी परत घेतललो नाय," आणि मग मावशीला बोल लावायची. ते ऐकताना बायको काम थांबवून माझ्याकडे बघायची. तिने मला कधी विचारलं नाही. पुढच्या महिन्यात तिने ते लुगडं आणलं, खण आणला, नारळ आणला, माझ्यासमोर ठेवला आणि म्हणाली, "जाऊन या."

मी गेलो. कफ परेडच्या समुद्राकाठी, आता ज्याला मच्छीमार नगर म्हणतात तिथे, तेव्हा मासे वाळत घातलेल्या बांबूंच्या रांगांमधून वाट होती. मला तिचं नाव माहीत नव्हतं. पाच वर्षांत मी ते कधी विचारलं नव्हतं. "लालबागला मासे घेऊन येते ती," असं मी म्हणालो तेव्हा तिथल्या बायका हसल्या, "अर्धा कोळीवाडा लालबागला जातो, भाऊ."

तिनेच मला पाहिलं. बोंबील वाळत घालत होती, ते टाकून धावत आली. "पोऱ्या बरा हाय ना?" तोंड पांढरं पडलं होतं.

"बरा आहे," मी म्हणालो. ती खाली बसली, दम घेतला. मी लुगड्याचं पुडकं पुढे केलं. तिने ते उघडून काठांवरून हात फिरवला, "चांगला हाय," म्हणाली, आणि घडी घालून परत माझ्या हातात दिलं.

"असं वाटंवर नाय घ्यायचं, दादा. घरात, पाटावर, म्हातारीच्या समोर. पोऱ्याला मांडीवर ठेव, मग उचल. घेऊन ये त्याला, नाय तर मना बोलाव. मी येते. माजा काय राग नाय."

राग नाही असं ती म्हणाली, आणि तिथे मला बोलता आलं असतं. पण तिला घरी बोलवायचं तर आईला सांगावं लागलं असतं की ती त्या दिवशी आली होती. मी म्हणालो, "येतो पुढच्या आठवड्यात."

घरी बायकोला सांगितलं की ती भेटली नाही. लुगडं ट्रंकेत गेलं.

राज्य झालं, चाळीत पेढे वाटले, त्याच्या पुढच्या वर्षी आई गेली. आता बोलवायला हरकत नव्हती, पण आता कारण विचारलं तर काय सांगणार, म्हणून वर्ष गेलं, मग दहा गेली. मुलाचं लग्न ठरलं तेव्हा मी पत्रिका घेऊन पुन्हा कोळीवाड्यात गेलो. तिच्या सुनेने ओळखलं. म्हणाली, सासूबाई चार वर्षांपूर्वी गेल्या. नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ सोडताना घरच्या पोरांबरोबर एक नारळ वेगळा सोडायच्या, लालबागच्या पोराचा म्हणून. "तुमीच काय ते?" असं विचारून तिने मला चहा दिला. मी तो प्यालो आणि पत्रिका देऊन आलो. बायकोला तेवढं सांगितलं, जिन्यातलं नाही. बाकीचं तिने ओळखलं, म्हणाली, "तुम्ही मला तरी सांगायचं होतंत." तीही आता नाही.

मुलगा सत्तरीला टेकला आहे. हे त्याने वाचावं आणि घरात इतकी वर्षं जे बोललं गेलं ते दुरुस्त करावं. जिला सांगायचं होतं तिला सांगणं माझ्याकडून झालं नाही. जिन्यात झालं नाही, बोंबील वाळत होते तिथे झालं नाही. ते असं होतं:

मावशी, मी खोटं बोललो. मला तुमची लाज वाटली. मुलगा वरच होता, तुम्ही त्याचा आवाज ओळखलात हे मला कळलं होतं. आईपुढे मी तुमच्यावर आळ येऊ दिला आणि गप्प बसलो. माझं चुकलं. मला माफ करा.